सामू सात, तरी डाळ शिजेना

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावाजवळ, वर्धा नदीला मिळणाऱ्या एका लहान नाल्यातून आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा पाण्याचा नमुना घेतला, तेव्हा माझ्याजवळ सामू, म्हणजे पीएच, मोजण्याच्या कागदी पट्ट्यांची एक डबी आणि दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या एवढेच साहित्य होते. नाल्याच्या वरच्या अंगाला तीनेक किलोमीटरवर कोळशाची खुली खाण आहे, तिच्या मातीचे ढिगारे गावातूनही दिसतात, आणि खाणीचे पाणी नाल्यात येते अशी गावाची तक्रार होती. मी पट्टी बुडवली, रंग सातच्या आसपास आला, आणि जमलेल्या लोकांना मी सांगितले की पाणी आम्लधर्मी नाही, म्हणजे खाणीचा परिणाम झालेला दिसत नाही. त्यावर नाल्याकाठच्या घरातल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पाणी चांगलं म्हणता, पण आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही जी. किती उकळा, दाणा तसाच राहते. साबणाले फेसही येत नाही. अगोदर असं नव्हतं."

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्या एका वाक्यात पाण्याचे जवळजवळ संपूर्ण निदान होते, आणि ते मला तिथेच उभ्या उभ्या कळायला हवे होते. ते कळले नाही, मी घरी परतले, आणि रात्री स्वतःच्या स्वयंपाकघरात कुकर लावताना ते लक्षात आले. त्यानंतरची आठ वर्षे मी आणि माझे विद्यार्थी त्या नाल्यावर जात आहोत. गावाचे, नाल्याचे आणि खाणीचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही, कारण आमच्या नोंदी अजून अपुऱ्या आहेत. मात्र त्या नोंदी करताना जे शिकले ते खाणपट्ट्यातल्या इतर गावांना उपयोगी पडेल असे वाटते.

माझी पहिली चूक पुस्तकातून आली होती. कोळशाच्या खाणीतून वाहणारे पाणी म्हणजे आम्लपाणी, असे आपण शिकतो, आणि त्यामागचे रसायन खरेच आहे. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट नावाचे लोह आणि गंधकाचे खनिज असते. जमिनीखाली ते कोट्यवधी वर्षे निवांत पडून राहते, पण खोदकामाने त्याला हवा आणि पाणी लागले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल आणि विरघळलेले लोह तयार होते. काही जिवाणू लोहाच्या या ऑक्सिडीकरणावरच जगतात आणि ती क्रिया कितीतरी पटींनी वेगवान करतात. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमध्ये हे पूर्ण स्वरूपात पाहायला मिळते. तिथला कोळसा गंधकाने समृद्ध आहे, तो उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणींतून काढला जाई, आणि तिथल्या नद्यांचे पाणी इतके आम्लधर्मी झाले की मासे नाहीसे झाले. लुखा नदी तर हिवाळ्यात निळी दिसू लागली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 17 एप्रिल 2014 रोजी तिथल्या अशा खाणकामावर बंदी घातली, त्यामागे नद्यांची ही अवस्था हेही एक कारण होते. अशा ठिकाणी सामूची साधी पट्टीसुद्धा पुरेशी असते, कारण पाणी स्वतःच ओरडून सांगत असते.

आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा मात्र गोंडवाना काळातला आहे आणि त्यात गंधकाचे प्रमाण बरेच कमी, साधारणपणे एक टक्क्याच्या आत असते. शिवाय आपल्या भागात चुनखडी विपुल आहे. ज्या चुनखडीवर राजुरा, कोरपना आणि वणी परिसरातले सिमेंटचे कारखाने उभे राहिले, तीच आपल्या ओढ्यानाल्यांच्या तळाशीही भेटते. पायराइटपासून थोडेफार आम्ल तयार झाले तरी कार्बोनेट असलेला खडक आणि माती ते लगेच शमवतात, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा सामू सात-साडेसात, कधी आठसुद्धा असतो. आम्ल शमले म्हणजे सगळे पूर्ववत झाले असे मात्र होत नाही. आम्लाबरोबर तयार झालेले सल्फेट पाण्यातच राहते, आणि आम्ल शमवताना खडकातून सुटलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही पाण्यातच येते. म्हणजे सामू सुधारतो आणि त्याच क्रियेत पाणी जड होते. मी पट्टीचा हिरवा रंग पाहून ज्या गोष्टीला निर्दोष ठरवले, तिचाच पुरावा आजींच्या पातेल्यात न शिजलेल्या डाळीच्या रूपाने पडलेला होता.

डाळीची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी. डाळीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन शिजताना विरघळते आणि दाणा मऊ होतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल तर ते या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात आणि दाणा कितीही उकळला तरी फुटत नाही. पण जड पाणी दोन प्रकारचे असते, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. चुनखडीतून नैसर्गिकरीत्या आलेला जडपणा बायकार्बोनेटचा असतो आणि तो उकळल्यावर बऱ्याच प्रमाणात निघून जातो, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. सल्फेटचा जडपणा मात्र उकळून जात नाही. आजींचे "किती उकळा" हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे होते. पुढच्या खेपेला आम्ही त्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत आणले, त्यातले अर्धे उकळून गाळून घेतले, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारे ईडीटीए हे रसायन वापरून दोन्हींचे अनुमापन केले, म्हणजे त्यांतला जडपणा मोजला. उकळल्यानंतरही जडपणाचा मोठा भाग तसाच होता. नाल्यापासून दूर, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीचे पाणी उकळल्यावर मात्र त्यातला बहुतेक जडपणा गेला. बारावीच्या विद्यार्थ्यांनाही जमेल असा हा प्रयोग आहे, त्याला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, आणि खाणपट्ट्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला तो आपल्या परिसरातल्या विहिरींवर करता येईल.

त्यानंतर आम्ही पहिले उपकरण घेतले ते विद्युतवाहकता मोजण्याचे. पाण्यात क्षार जितके जास्त विरघळलेले, तितकी त्यातून वीज अधिक सहज वाहते, आणि ही वाहकता मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात मोजतात. बाजारात खिशात मावणारे जे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण दाखवणारे, मीटर मिळतात ते प्रत्यक्षात वाहकताच मोजतात आणि तिला साधारण 0.5 ते 0.7 यांमधल्या एखाद्या ठरावीक गुणकाने गुणून टीडीएसचा आकडा दाखवतात. कोणता गुणक वापरला आहे हे मीटरच्या माहितीपत्रकात पाहावे लागते, नाही तर दोन मीटरचे आकडे जुळत नाहीत आणि आपण विनाकारण पाण्याला दोष देतो. तापमान एक अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून आकडा 25 अंश सेल्सिअसला रूपांतरित करून दाखवणारा मीटर घ्यावा. चंद्रपूरच्या मे महिन्यात नाल्याचे पाणी किती तापते हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

वाहकतेचा एकच आकडा फारसे काही सांगत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2011 मध्ये ॲपलेशियन पर्वतातल्या ओढ्यांसाठी 300 मायक्रोसिमेन्स ही जलचरांच्या दृष्टीने मर्यादा सुचवली, कारण डोंगरमाथे उडवून केलेल्या कोळशाच्या खाणींखालच्या ओढ्यांमध्ये त्याहून जास्त वाहकतेला कीटकांच्या काही जाती नाहीशा होत असल्याचे तिथे आढळले होते. ही मर्यादा जशीच्या तशी उचलून आपल्या नाल्याला लावणे चुकीचे होईल. आपल्या काळ्या मातीतून आणि चुनखडीतून झिरपलेले पाणी खाण नसतानाही त्याहून अधिक वाहक असू शकते. म्हणून त्याच नाल्याचे खाणीच्या वरचे पाणी आणि खालचे पाणी यांची एकाच दिवशी, एकाच मीटरने तुलना करायची, हा यातला पाया आहे.

आणि इथेच माझी दुसरी चूक झाली. पहिल्या वर्षभर आम्ही 'वरचे' म्हणून जे ठिकाण धरले होते, तिथलाही आकडा अपेक्षेपेक्षा जास्त येत होता, त्यामुळे वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक कमी दिसायचा. शेवटी एका जानेवारीत आम्ही ठरवले की नदीच्या संगमापासून नाल्याच्या उगमाकडे चालत जायचे आणि दर दोनशे पावलांवर मीटर बुडवून आकडा लिहायचा. असे चालत जाऊन मोजणे हा मला आजवर सापडलेला सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, कारण आपण आधी काय ठरवून आलो आहोत याची नाल्याला पर्वा नसते. सहा विद्यार्थी, दोन मीटर, एक वही आणि सोबत गावातले एक गुराखी काका, ज्यांना नाल्याचे प्रत्येक वळण ठाऊक होते. खालून वर जाताना आकडे बराच वेळ जवळजवळ सारखे राहिले, आणि मग एका वळणावर एका मुलीने डाव्या काठाला मीटर बुडवला, दुसऱ्या मुलाने उजव्या काठाला बुडवला, आणि दोघांचे आकडे जुळेनात. आधी वाटले की मीटर बिघडला, म्हणून त्यांनी मीटरांची अदलाबदल केली, तरी फरक तसाच राहिला. याचा अर्थ असा होता की जवळच वर कुठेतरी वेगळे पाणी डाव्या बाजूने येऊन मिळत आहे आणि ते अजून पूर्ण मिसळलेले नाही. साठ-सत्तर पावलांवर बेशरमाच्या झुडपांमागे मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याकडून येणारी एक हातभर रुंदीची धार सापडली. तिचे पाणी अगदी नितळ होते, इतके की आमच्यातल्या एकाला ते प्यावेसे वाटले, आणि तिची वाहकता नाल्याच्या तिपटीहून जास्त होती.

त्या धारेच्या वर आकडा खाली आला, पण पूर्णपणे खाली आला नाही. आणखी वर गेल्यावर काकांनी दाखवले की आम्ही ज्याला 'वरचे' ठिकाण म्हणत होतो त्याच्याही मागे एक जुनी, बंद झालेली भूमिगत खाण आहे आणि पावसाळ्यानंतर तिच्या अंगाने पाणी पाझरते. त्या दिवसानंतर आम्ही आमचे वरचे ठिकाण बदलले आणि आधीच्या वर्षाच्या नोंदींवर तसा शेरा लिहिला. त्या नोंदी खोडल्या नाहीत. वापरता न येणारी नोंदही का वापरता येत नाही हे वहीत राहायला हवे.

वाहकता वाढली एवढ्यावरून खाणीकडे बोट दाखवता येत नाही, हे मला फार आग्रहाने सांगायचे आहे, कारण घाईने केलेला आरोप पुढच्या खऱ्या तक्रारीचेही वजन कमी करतो. गावाच्या सांडपाण्यानेही वाहकता वाढते, खतांनीही वाढते, वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यातून येणाऱ्या पाण्यानेही वाढते, आणि चंद्रपुरात तर हे सगळेच एकमेकांच्या शेजारी आहे. म्हणून पुढची पायरी म्हणजे क्षार कोणते आहेत हे पाहणे. सांडपाण्यात मिठाचे, म्हणजे क्लोराइडचे प्रमाण वाढते. कोळशाच्या खाणीच्या पाण्यात सल्फेट वाढते आणि क्लोराइड त्या मानाने मागे राहते. सल्फेटची चाचणी कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होते: नमुना आम्लधर्मी करून त्यात बेरियम क्लोराइड टाकले की बेरियम सल्फेटचा पांढरा गढूळपणा येतो आणि त्याची तीव्रता मोजून प्रमाण काढता येते. त्या नितळ धारेच्या पाण्यात परीक्षानळी दुधासारखी पांढरी झाली. गावाच्या गटाराजवळच्या नमुन्यात वाहकता जवळपास तेवढीच चढली होती, पण नळीत फक्त फिकट धुके आले आणि क्लोराइड मात्र भरपूर निघाले. दोन प्रकारच्या पाण्याची वाहकता सारखी आणि स्वभाव वेगळा, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवण्यापेक्षा त्या दोन नळ्या शेजारी धरून दाखवणे कितीतरी सोपे गेले. राखेच्या पाण्यातही सल्फेट असते, त्यामुळे जिथे खाण आणि राखेचा बंधारा दोन्ही एकाच नाल्यावर आहेत तिथे एवढ्यावर भागत नाही. आमच्या नाल्यावर सुदैवाने तसे नाही. नायट्रेटही खाणीच्या पाण्यात येऊ शकते, कारण सुरुंगासाठी अमोनियम नायट्रेट वापरले जाते, पण कापूस आणि सोयाबीनच्या शेतांतून येणारे नायट्रेट त्यात मिसळलेले असते आणि ते वेगळे काढणे आम्हाला जमलेले नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक, आयएस 10500, सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास 400 मिलिग्रॅम ठरवते. एकूण जडपणासाठी हेच आकडे 200 आणि 600 आहेत, टीडीएससाठी 500 आणि 2000. कोळशाच्या खाणीतून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी केंद्र सरकारने 2000 साली वेगळी मानके अधिसूचित केली, त्यात सामू 5.5 ते 9 यांच्या दरम्यान असावा आणि पाण्यात तरंगणारे कण लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत असावेत अशा अटी आहेत. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की अडचण स्पष्ट होते. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या धारेचा सामू योग्य, तरंगणारे कण जवळजवळ शून्य, म्हणजे खाणीच्या मानकांच्या या दोन महत्त्वाच्या कसोट्यांवर ते पाणी उत्तम ठरते, आणि त्याच पाण्याने खालच्या विहिरीतली डाळ शिजत नाही. सल्फेट आणि वाहकता यांवर नियमित लक्ष ठेवल्याशिवाय आपल्या प्रकारच्या खाणपट्ट्यात प्रदूषण दिसणारच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नमुना कधी घेतला यावरही उत्तर बदलते. समजा, नाल्यातून सेकंदाला 10 लिटर पाणी वाहते आणि त्यात लिटरला 40 मिलिग्रॅम सल्फेट आहे. त्याला सेकंदाला 2 लिटरची एक धार मिळते, जिच्यात 900 मिलिग्रॅम सल्फेट आहे. मिसळल्यावर खालचे पाणी सुमारे 183 मिलिग्रॅमचे होईल, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या आत. आता तोच नाला उन्हाळ्यात आटून सेकंदाला 1 लिटरवर आला आणि धार मात्र तेवढीच राहिली, तर खालचे पाणी 613 मिलिग्रॅमवर जाईल. ढिगाऱ्यातून येणारे सल्फेट दोन्ही वेळा तेवढेच आहे. म्हणून आम्ही आता प्रवाहही मोजतो: दहा मीटरचे सरळ अंतर आखून त्यावरून काडी सोडायची, तिला लागलेला वेळ घ्यायचा, पात्राची रुंदी आणि सरासरी खोली मोजायची, काडीच्या वेगाला या दोन्हींनी गुणायचे, आणि पृष्ठभागाचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावते म्हणून येणारा आकडा 0.85 ने गुणायचा. ढोबळ पद्धत आहे, पण सल्फेटच्या प्रमाणाला प्रवाहाने गुणले की दिवसाला किती किलो सल्फेट नाल्यात येते हे कळते, आणि हा आकडा पावसाच्या पाण्याने झाकला जात नाही.

पावसाळ्याचा स्वभाव निराळाच असतो. पहिल्या मोठ्या सरीनंतर वाहकता उतरते आणि गढूळपणा चढतो, ढिगाऱ्यांची माती आणि कोळशाची काळी भुकटी वाहून येते, आणि पूर ओसरल्यावर काठाच्या गवतावर काळसर रेघ उरते. ज्या गावांनी फक्त पावसाळ्यात नमुने घेतले त्यांना गाळ दिसतो आणि सल्फेट दिसत नाही. ज्यांनी फक्त उन्हाळ्यात घेतले त्यांना नेमके उलटे दिसते. महिन्यातून एकदा, वर्षभर, त्याच ठिकाणी, याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

नारिंगी रंगाबद्दल लोक नेहमी विचारतात. पाण्यातले लोह हवेशी संयोग पावून गेरूसारखे तळाशी बसते आणि दगड नारिंगी होतात, ही खाणीच्या पाण्याची जगभर ओळखली जाणारी खूण आहे. कधी कधी जमिनीतून नुकतेच बाहेर आलेले पाणी बाटलीत नितळ असते आणि संध्याकाळपर्यंत बाटलीच्या तळाशी गेरू जमतो, म्हणून लोह मोजायचे असेल तर नमुना जागेवरच गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते. पण नारिंगी थर आणि पाण्यावरचा तेलकट तवंग हे दलदलीतल्या नैसर्गिक लोहजिवाणूंमुळेही दिसतात. तवंगाला काडीने हलवून पाहावे: जिवाणूंचा तवंग काचेसारखा तुकड्यांत फुटतो, खनिज तेलाचा तवंग पुन्हा एकत्र येतो. आमच्या नाल्यावर एकदा सगळे गाव डिझेल सोडले म्हणून जमले होते, आणि तो तवंग फुटला.

दगडाखालचे किडे हा या कामातला मला सर्वांत प्रिय भाग आहे, पण त्यावर मी वेगळे लिहीन. एवढेच सांगते की मीटर त्या क्षणाचे पाणी सांगतो आणि दगडाखालचे जीव मागच्या कित्येक आठवड्यांचे. शेपटीला बहुधा तीन धागे असलेली मेफ्लाय या कीटकाची पिल्ले क्षारांना फार हळवी असतात. ती त्या धारेच्या वर सापडतात आणि खाली आम्हाला पाच वर्षांत एकदाही सापडलेली नाहीत.

नमुना घेण्याची शिस्त कंटाळवाणी वाटते, पण तिच्याविना बाकी सगळे व्यर्थ आहे. बाटली नाल्याच्याच पाण्याने तीनदा विसळायची, प्रवाहाच्या मध्यात, पाणी जिकडून येते त्या दिशेला तोंड करून उभे राहायचे म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही, पृष्ठभागाच्या थोडे खाली भरायचे, आणि बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ जागेवरच लिहायची. सामूचा मीटर निघण्यापूर्वी 4 आणि 7 च्या, किंवा 7 आणि 9.2 च्या बफर द्रावणांवर, म्हणजे सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर, तपासायचा. एक बाटली नेहमी ऊर्ध्वपातित पाण्याची न्यायची आणि तिचीही चाचणी इतर नमुन्यांबरोबरच करायची. तिच्यात काही निघाले तर दोष आपल्या हातांचा असतो.

कायद्याच्या दृष्टीने आमच्या नोंदींचे स्थान काय, हेही आधीच समजून घेतलेले बरे. 1974 च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने, संबंधिताला सूचना देऊन, विहित पद्धतीने, मोहोरबंद करून घेतलेला असावा लागतो. आमची वही तो पुरावा होऊ शकत नाही. नमुना नेमका कुठे आणि कोणत्या महिन्यात घ्यायला हवा हे मात्र ती सांगू शकते, आणि तेवढे काम फार मोठे आहे, कारण चुकीच्या जागी घेतलेला अधिकृत नमुना अनेक वर्षे प्रश्न बंद करून टाकतो. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक खाणीला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. त्यात पाण्याचे नमुने कुठून घेतले ते पाहून आपले ठिकाण आणि त्यांचे ठिकाण नकाशावर शेजारी मांडावे.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे चित्र खोटे राहील. हा नाला पूर्वी होळीच्या सुमारास कोरडा पडायचा, आता तो मे महिन्यातही वाहतो, कारण खाणीतून उपसलेले पाणी त्यात सोडले जाते. खाणीभोवतीच्या विहिरींची पातळी त्या उपशाने खाली गेली, आणि नाल्याकाठच्या शेतांना उन्हाळ्यात पाणी मिळू लागले. एका कुटुंबाचे नुकसान आणि दुसऱ्याचा फायदा एकाच पंपातून बाहेर येतो. खाणीतून उपसलेले पाणी हे विषच असते असेही नाही. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी इथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीचेच पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटल्यांत भरले. आमच्या नाल्यावरही खाणीच्या पंपाच्या पाण्यापेक्षा ढिगाऱ्याच्या पायथ्याची ती लहानशी धार जास्त क्षारयुक्त आहे, कारण ढिगाऱ्यात फुटलेला खडक मोकळा पडलेला असतो आणि प्रत्येक पावसाळ्यात त्यातून पाणी नव्याने मुरते. गावाचा सगळा राग पंपाच्या पाइपवर होता, धार कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती.

मागच्या ग्रामसभेत आम्ही दोन वर्षांच्या नोंदींचे तक्ते भिंतीवर लावले. त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरू नये हे गावाने आधीच ठरवले होते, आजींच्या घरी आता दुसऱ्या टोकाच्या विहिरीचे पाणी येते आणि डाळ शिजते. तक्ते पाहून झाल्यावर एका शेतकरी भाऊंनी विचारले की हे पाणी ते चार वर्षांपासून मिरचीला देत आहेत, तर त्यांच्या जमिनीचे काय होईल. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वहीत नव्हते. शेतीसाठी नुसती वाहकता पाहून भागत नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती आहे हे पाहावे लागते, कारण सोडियम जास्त असेल तर काळ्या मातीतली चिकणमाती विस्कटते, तिच्यात पाणी मुरेनासे होते आणि जमीन दगडासारखी कडक होते. आठ वर्षांत आम्ही सोडियम एकदाही मोजलेले नाही. महाविद्यालयाचा फ्लेम फोटोमीटर, म्हणजे सोडियम मोजण्याचे उपकरण, दुरुस्त होऊन आला आहे, आणि येत्या रविवारी आम्ही धारेचे, नाल्याचे आणि भाऊंच्या मिरचीच्या वावरातल्या विहिरीचे, असे तीन नमुने त्यासाठी आणणार आहोत.